धूसर पार्श्वभूमीचा मला कंटाळा आलाय

जुलै-ऑगस्टमधला कुठलाही सोमवार घ्या. ऑफिसच्या ग्रुपवर वीकेंडच्या ट्रेकचे फोटो पडायला लागतात. कोणी नाणेघाटात जाऊन आलेलं असतं, कोणी राजमाचीला, कोणी हरिश्चंद्रगडावर. फोटो मात्र सगळे एकच. रेनकोट घातलेला एक हसरा चेहरा, पापण्यांचे केस मोजता येतील इतका स्पष्ट, आणि त्याच्या मागे हिरवा रस्सा. त्या रश्श्यात जीवधन किल्ला आहे की सोसायटीची बाग, हे फोटो काढणाऱ्याने सांगितल्याशिवाय कळायला मार्ग नाही. खाली पंधरा बदाम आणि एक कॉमेंट ठरलेली, "काय बोके आलाय यार!"

(बोके हा मूळचा जपानी शब्द. धूसरपणा असा त्याचा अर्थ. मी फोनवर कुणाशी या विषयावर बोलत असलो की आईला अजूनही वाटतं मांजरांबद्दल चाललंय.)

तर मंडळी, माझी तक्रार अशी आहे. माझ्या ओळखीतल्या ज्यांनी ज्यांनी चांगला कॅमेरा घेतलाय, त्यातल्या बहुतेकांना ॲपर्चर म्हणजे मागचं पुसायचं बटण आणि शटर स्पीड म्हणजे हालणारं गोठवायचं बटण, एवढंच ठाऊक असतं. ट्यूटोरियल बघून दोन्ही कायम एका टोकाला नेऊन ठेवलेली. फोटो छान येतात, नाही असं नाही. पण वीस वर्षांनी तोच फोटो उघडल्यावर आपण जे शोधणार आहोत, नेमकं तेच आपण आज हौसेने पुसतोय असं माझं मत आहे. आणि त्यासाठी चांगले साठ-सत्तर हजार मोजतोय.

थोडं तांत्रिक बोलायला लागेल. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद खुशाल गाळावेत.

फोटो नीट उजेडात यायला सेन्सरवर ठराविक प्रकाश पडायला हवा. तो किती मोठ्या भोकातून येतो ते ॲपर्चर, आणि किती वेळ येतो ते शटर स्पीड. एक इक्वेशन, दोन व्हेरिएबल. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकलेलं आठवत असेल तर अशा इक्वेशनला एक उत्तर नसतं, भरपूर असतात. उदाहरणार्थ एफ/२.८ आणि १/१००० सेकंद, एफ/८ आणि १/१२५, एफ/१६ आणि १/३०. तिन्ही जोड्यांत सेन्सरवर पडणारा प्रकाश सारखाच. आयएसओ हे तिसरं व्हेरिएबल, पण त्याचा रोल वेगळा. आलेल्या सिग्नलचा आवाज वाढवायची ती खुंटी आहे असं समजा. जास्त पिळली की खरखर ऐकू येते, म्हणजे फोटोत दाणे दिसतात.

आणि एफ/ नंतरचा आकडा वाढला की भोक लहान का होतं, हा ज्याला त्याला पडणारा प्रश्न. कारण तो अपूर्णांक आहे. एफ म्हणजे लेन्सची फोकल लेंथ. ५० मिलिमीटरच्या लेन्सला एफ/२ म्हणजे २५ मिलिमीटरचं भोक आणि एफ/१६ म्हणजे जेमतेम ३ मिलिमीटरचं. २, २.८, ४, ५.६, ८ ही विचित्र मालिका कुठून आली? व्यास वर्गमूळ दोनने भागला की क्षेत्रफळ निम्मं होतं. प्रत्येक पायरीला प्रकाश अर्धा. हे एकदा डोक्यात बसलं की आकडे पाठ करावे लागत नाहीत.

आता खरी गंमत. वरच्या तीन जोड्यांत प्रकाश सारखा आहे, फोटो मात्र तीन वेगळे आहेत. पहिल्यात चेहरा सोडून सगळं विरघळेल, तिसऱ्यात मागचा डोंगर दिसेल पण मान हलवणारा माणूस हलेल. यातलं कुठलं उत्तर घ्यायचं हे प्रकाश बघून ठरत नाही. फोटोत काय राहिलं पाहिजे, त्यावर ठरतं. ऑटो मोडला प्रकाश मोजता येतो, हल्ली चेहरासुद्धा ओळखता येतो, पण मागे कोण उभं आहे आणि ते तुमचं कोण लागतं हे त्याला कसं कळणार?

आमच्या घरातलंच उदाहरण देतो. २०१९ साली माझ्या आतेबहिणीचं लग्न झालं. फोटोग्राफर चांगला महागातला, आजकाल असतात तसा, कँडिड वगैरे. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली, मुलीच्या पाठीशी मामा उभा. तिचा मामा म्हणजे माझा धाकटा काका. फेटा बांधून, डोळ्यातलं पाणी कसंबसं आवरत तो तिच्या मागे उभा होता. ते मी समोरून पाहिलंय. दोन वर्षांनी काका गेला. भिंतीवर लावायला त्याचा एक बरा फोटो हवा म्हणून आत्याने लग्नाचा अल्बम काढला. मंगलाष्टकांचे तीसेक फोटो आहेत त्यात. प्रत्येकात नवरीची नथ, मुंडावळ्या, गालावरची एक अक्षता, सगळं झगझगीत स्पष्ट. आणि तिच्या खांद्यामागे एक भगवा गोळा आणि त्याखाली एक गव्हाळ गोळा. भगवा म्हणजे फेटा. गव्हाळ म्हणजे काका.

मी फाइल्स मागवून सेटिंग बघितली. डिजिटल फोटोत ती नोंदलेली असते, त्यामुळे कोणाला काही लपवता येत नाही :) ८५ मिलिमीटरची लेन्स, एफ/१.४, १/२०० सेकंद, आयएसओ ४००, फुल-फ्रेम कॅमेरा. तीन मीटरवरून या सेटिंगला स्पष्ट दिसणारा पट्टा साधारण दहा सेंटीमीटरचा असतो. दहा सेंटीमीटर म्हणजे नवरीच्या नाकापासून कानापर्यंत. काका तिच्या मागे अर्ध्या मीटरवर होता. तोच फोटो एफ/५.६ ला काढला असता तर पट्टा चाळीसेक सेंटीमीटरचा झाला असता. काका अगदी कोरीव आला नसता, पण काका आला असता. डोळे ओळखू आले असते. किंमत काय? चार पायऱ्या, म्हणजे सोळावा हिस्सा प्रकाश. आयएसओ ४०० चा ६४०० करावा लागला असता. आजच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यात ६४०० ला थोडे दाणे दिसतात, अल्बमच्या छापील पानावर तर तेही फारसे कळत नाहीत. आणि कळले तरी मी म्हणतो, कळू देत की. दाण्यांतून माणूस ओळखता येतो, बोकेतून येत नाही.

शेवटी कामाला आला तो कुणा पाहुण्याने फोनवरून काढलेला फोटो. वाकडा, कोपऱ्यात पंख्याचं पातं, कोणाची तरी कोपरं मध्ये आलेली. पण काका स्पष्ट. तोच कापून मोठा केला.

फोनला हे कसं जमलं? त्याला बिचाऱ्याला दुसरं काही जमतच नाही म्हणून. फोनच्या लेन्सची खरी फोकल लेंथ मोजक्या मिलिमीटरची असते, त्यामुळे एफ/१.८ असं कितीही रुबाबात लिहिलं तरी प्रत्यक्ष भोक वाटाण्याहूनही लहान. एवढ्या भोकातून जवळचं-लांबचं बहुतेक सगळं स्पष्टच येतं. म्हणून तर २०१६ मध्ये आयफोन ७ प्लसबरोबर पोर्ट्रेट मोड आला आणि मग सगळ्यांनीच तो उचलला. मागचं धूसर दिसावं म्हणून तिथे सॉफ्टवेअर गणित करतं. अंतराचा अंदाज घेतं आणि लांबचं पुसतं. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे त्या गणिताबद्दल मला आदर आहे. पण चष्म्याची काडी, पदराची कड आणि कपाळावरची बट अजूनही कधी कधी त्यात वाहून जाते. ज्या यंत्राला आयतं सगळं दिसतंय, त्याला मेहनत घेऊन कमी दिसायला शिकवायचं, हा प्रकार मला तरी मजेदार वाटतो.

स्पष्ट की धूसर, हे भांडण नवीन नाही हां. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फोटो चित्रासारखा मऊ, स्वप्नाळू दिसावा अशी फॅशन होती. तिला कंटाळून १९३२ साली कॅलिफोर्नियातल्या काही फोटोग्राफरांनी एक गट काढला. ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम ही त्यातली मोठी नावं. गटाचं नावच होतं ग्रुप एफ/६४. त्यांच्या पेटीएवढ्या कॅमेऱ्यांवरचं सगळ्यात बारीक ॲपर्चर ते, ज्यात पायाजवळच्या दगडापासून क्षितिजापर्यंत सगळं कोरीव येतं. एका सेटिंगचं नाव आपल्या चळवळीला देणारी माणसं मला फार आवडतात. (आपल्या छोट्या सेन्सरवर मात्र एफ/१६ च्या पुढे जायच्या भानगडीत पडू नका. भोक फार लहान झालं की प्रकाश त्याच्या कडांवरून वाकतो आणि उलट सगळंच किंचित मऊ होतं.)

मी धूसरपणाच्या विरुद्ध आहे असं कोणी समजू नये. मंगल कार्यालयातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे उभं असलेलं जेवणाचं काउंटर, हे विरघळलेलंच बरं. भिगवणला रोहित पक्षी काढताय, मागे नुसता चिखल आहे, खुशाल लेन्स पूर्ण उघडा. पण घरातले फोटो? आमच्याकडे आजीचा स्वयंपाकघरातला एक फोटो आहे, साध्या रीळवाल्या कॅमेऱ्याने काढलेला. ज्याला फोकससुद्धा करता येत नाही असा तो कॅमेरा. भोक लहान, फोकस कायमचा ठरलेला. आजी पोळ्या लाटतेय. मागे मांडणीवर पितळेचे डबे, वातींचा स्टोव्ह, खिडकीत वाळत घातलेला पंचा आणि भिंतीवर कालनिर्णय. हा फोटो कधीचा यावर घरात दर दिवाळीला वाद व्हायचा. मी स्कॅन करून मोठा केला आणि कालनिर्णयाच्या पानावरून महिना-वर्ष वाचलं. मे १९९६. वाद मिटला. आणि आता सगळे फोटोत आजीइतकाच तो स्टोव्ह बघतात, कारण आजीचे फोटो आणखी आहेत, त्या स्टोव्हचा एकही नाही.

आता शटर स्पीड. इथे दोन फॅशनी आहेत आणि दोन्ही एकमेकींच्या उलट.

पहिली, सगळं गोठवायची. विसर्जनाच्या मिरवणुकीतले ढोल-ताशा पथकाचे फोटो बघा. १/१००० ला काढलेले. टिपरू हवेत थांबलेलं, हात थांबलेला, झांजा थांबलेल्या. टिपरू ढोलावर पडतंय की उचललं जातंय काही कळत नाही. जणू फोटोसाठी पोझ देऊन उभे आहेत. ज्या आवाजाने छातीत धडधडतं त्याचा मागमूस नाही. त्याच जागी १/४० वर या. वाजवणाऱ्याचं डोकं त्या मानाने स्थिर असतं, हात नसतात. चेहरा स्पष्ट आणि हातांच्या जागी एक पुसट पंखा, असा फोटो दहातून दोन वेळा मिळतो. बाकी आठ फुकट जातात. जाऊ देत, रीळ थोडीच संपणार आहे! वारीच्या रिंगणातही तेच. चांदोबाच्या लिंबाजवळ किंवा बेलवाडीला माउलींचा किंवा तुकोबांचा अश्व धावताना १/२००० ला काढला तर तो चार पाय अधांतरी असलेला पुतळा दिसतो. १/६० ठेवून कॅमेरा घोड्याबरोबर फिरवत नेला तर घोडा राहतो आणि मागच्या पताकांच्या रेघा होतात. सोपं नाहीये, पण ते दोनचार फोटो बघताना टापा ऐकू येतात.

दुसरी फॅशन दुधाळ धबधब्याची. लेन्सला एनडी फिल्टर नावाचा गॉगल लावायचा, ट्रायपॉडवर दोन सेकंद शटर उघडं ठेवायचं आणि पाण्याची मलई करायची. ताम्हिणीतला धबधबा असो की आंबोलीतला, मलई सारखीच.

लांब शटर काय काय खाऊन टाकतं याचं सगळ्यात जुनं उदाहरण १८३८ सालचं आहे. दागेरने पॅरिसमधल्या बुलेव्हार द्यु ताँप्ल या रस्त्याचा फोटो खिडकीतून काढला. एक्स्पोजर काही मिनिटांचं. रस्ता वर्दळीचा, पण फोटोत तो ओस पडलेला दिसतो. गाड्या-घोडे, चालणारी माणसं, कोणीच एका जागी पुरेसा वेळ थांबलं नाही म्हणून कोणीच उमटलं नाही. उरला एक माणूस, जो बूट पॉलिश करून घ्यायला थांबला होता. छायाचित्रात आलेला बहुधा पहिला माणूस म्हणून तो ओळखला जातो, आणि त्याला याचा पत्ताही नव्हता. शटर स्पीडचा इतका स्पष्ट धडा दुसरा नाही. जो थांबला तो राहिला, जो चालला तो गेला. गेटवेवरची गर्दी पुसायला आज लोक मुद्दाम हाच प्रकार करतात.

आता कोणी म्हणेल, हे सगळं करायचं तर मॅन्युअल मोड शिकायला हवा. अजिबात नको. ‘एम’ वर फोटो काढतो तोच खरा फोटोग्राफर, हा एक फालतू माज आहे. बहुतेक जण एम मोडमध्ये काय करतात? एक आकडा ठरवतात आणि मीटरचा काटा शून्यावर येईपर्यंत दुसरी चकती फिरवतात. एवढं काम कॅमेरा डोळ्याचं पातं लवायच्या आत करतो. निकॉन आणि सोनीवर ‘ए’, कॅननवर ‘एव्ही’ लावा. ॲपर्चर तुम्ही ठरवा, शटर तो ठरवेल. हालचाल महत्त्वाची असेल तर निकॉन-सोनीवर ‘एस’ आणि कॅननवर ‘टीव्ही’. (हा टीव्ही म्हणजे टाइम व्हॅल्यू, उगाच घाबरू नका.) दोन व्हेरिएबलपैकी एकाबद्दल तुमचं मत हवं, दुसऱ्याचं गणित यंत्राला करू द्या. एम लागतो तो नाटकाच्या रंगमंचावर, फटाक्यांना, फ्लॅशला, किंवा चार फोटो जोडून एक मोठा करायचा असेल तेव्हा. रोजच्या वापरात तो नुसता व्यायाम आहे.

या पावसाळ्यात नाणेघाटात जाणार असाल तर एक करून बघा. तिथे दोन्ही गोष्टी एकाच जागी सापडतात. नानाच्या अंगठ्याच्या बाजूला, कड्यावरून कोकणात उतरायला निघालेलं पाणी खालून येणाऱ्या वाऱ्याने उलटं वर उडतं. लोक तो उलटा धबधबा बघायला लांबून येतात आणि फोटो मात्र दोन सेकंदांचा मलईवाला काढतात. मलईला वर-खाली काही नसतं. पाणी वर चाललंय हे फोटोत दिसायचं तर थेंब सुटे दिसायला हवेत; एस मोड, १/५००, आयएसओ ४०० किंवा ८००. इथे गोठवणंच बरोबर. आणि कॅमेऱ्याला पांढरं धुकं दिसलं की तो ते राखाडी करून टाकतो, तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक एकच्या आसपास ठेवा.

मग मित्राला उभं करा, मागे जीवधन आणि वानरलिंगीचा सुळका येईल असं. किट लेन्स १८ मिलिमीटरवर, ए मोड, एफ/८, मित्र साधारण दोन मीटरवर, फोकस त्याच्यावर. एपीएस-सी सेन्सर असेल तर एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. शटर १/१२५ च्या खाली जात असेल तर आयएसओ वाढवा, मित्र काही पुतळा नाही. त्याचे पापण्यांचे केस मोजता येणार नाहीत. पण ढग फाटला तर सुळका दिसेल, आणि शेजारी मक्याची कणसं भाजणाऱ्या मावशीही येतील.

शेवटी घाटाच्या तोंडाशी असलेल्या सातवाहनकालीन लेण्यात शिरा. भिंतींवर ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे, आत उजेड कमी. फ्लॅश समोरून मारलात तर अक्षरं सपाट होऊन दिसेनाशी होतात. बाहेरून तिरका येणारा उजेड पुरतो. कॅमेरा सॅकवर टेकवा, एफ/५.६, १/८ सेकंद, आणि शटर दोन सेकंदांच्या टायमरवर सोडा म्हणजे बोटाचा धक्का लागणार नाही. आणि हो, लेन्स पुसायला एक कोरडा रुमाल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा. तिथला पाऊस खालूनही येतो.